हार्ट फेल्युअर: टाळणं, ओळखणं, सांभाळणं – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडलं का?

नाही. हृदय चालूच असतं. शरीराला लागतं तेवढं रक्त पुढे ढकलताना ते कमी पडतं, किंवा ढकलतं खरं पण त्यासाठी आतला दाब वाढतो. या आजाराला हे नाव पडलं हा रुग्णांवर अन्यायच झाला, असं मला मनापासून वाटतं. ‘फेल’ हा शब्द ऐकून माणूस एक तर हातपाय गाळतो, नाहीतर ‘मी तर चालतोफिरतो, मला कसलं फेल्युअर’ म्हणत गोळ्यांकडे पाठ फिरवतो. दोन्हींत नुकसान त्याचंच.

तीन शब्दांची नेहमी गल्लत होते. हार्ट अटॅकमध्ये हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी नळी अचानक बंद होते आणि स्नायूचा तेवढा भाग मरायला लागतो. कार्डिअ‍ॅक अरेस्टमध्ये ठोकेच थांबतात, माणूस जागीच कोसळतो आणि त्याच क्षणी छाती दाबायला सुरुवात करावी लागते. हार्ट फेल्युअर मात्र बहुतेक वेळा महिनोन् महिने, वर्षानुवर्षं हळूहळू वाढतं. पहिल्यातून तिसरं होऊ शकतं: अटॅकमध्ये मेलेल्या स्नायूचं काम उरलेल्या स्नायूला करावं लागतं आणि तो थकत जातो. जगात ६ कोटींहून जास्त माणसं या आजारासह जगत आहेत.

मग शरीरात नेमकं बिघडतं काय?

हे एकदा नीट समजून घेतलं की पुढची निम्मी उत्तरं आपोआप मिळतात, म्हणून इथे थोडं थांबू.

पंप कमी पडला की किडनीपर्यंत रक्त कमी पोहोचतं. किडनीला हृदयाची अवस्था कळत नाही. तिला वाटतं, कुठेतरी रक्त वाहून गेलंय किंवा अंगातलं पाणी आटलंय. मग ती मीठ आणि पाणी धरून ठेवायला लागते. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, धोक्याच्या वेळी सुटणारी संप्रेरकं सुटतात, ठोके वाढतात. जखमेतून रक्त वाहत असेल तर हीच युक्ती जीव वाचवते. इथे मात्र ती उलटते. आधीच थकलेल्या हृदयाला आता जास्त पाणी, जास्त दाब आणि जास्त वेग सोसावा लागतो. ते आणखी थकतं, किडनीचा गैरसमज आणखी पक्का होतो, आणि चक्र फिरत राहतं.

डाव्या बाजूचा दाब वाढला की पाणी फुप्फुसात तुंबतं आणि दम लागतो. उजव्या बाजूचा वाढला की पाय सुजतात, पोट फुगतं, यकृत जड होतं. बहुतेक रुग्णांत पुढेमागे दोन्ही दिसतं.

लक्षणं कशी ओळखायची?

‘दम लागतो का?’ असं विचारलं की बहुतेक जण ‘नाही’ म्हणतात, आणि ते खोटंही नसतं. दम लागू नये म्हणून त्यांनी जिना चढणं सोडलेलं असतं. म्हणून घरातल्या मोठ्या माणसाला वेगळा प्रश्न विचारा: गेल्या सहा महिन्यांत काय काय करणं बंद केलंत? चालायला जाणं, पिशवी उचलणं, एका दमात आंघोळ उरकणं यांतलं काही गळालं असेल तर ते तपासायला हवं.

रात्रीच्या खुणा जास्त बोलक्या असतात. पूर्वी एक उशी पुरायची, आता तीन लागतात. सपाट झोपलं की गुदमरतं. झोप लागल्यावर तासा-दोन तासांनी धाप लागून जाग येते आणि उठून बसल्यावर बरं वाटतं. आडवं झालं की खोकला येतो. रात्री लघवीला वारंवार उठावं लागतं. दिवसा वाकून बुटाची नाडी बांधताना दम लागतो, मोज्याचा वळ पायावर खोल उमटतो, घोट्यावर बोट दाबलं की खळगा पडतो आणि हळूहळू भरतो. थोडं खाल्लं तरी पोट गच्च होतं. वयस्कर माणसांत कधी कधी नुसता गळाठा किंवा गोंधळलेपणच दिसतो.

‘वयच झालंय आता’ या वाक्यापायी ओळखायला जेवढा उशीर होतो, तेवढा दुसऱ्या कशानं होत नाही.

पाय सुजले म्हणजे हार्ट फेल्युअरच का?

नाही. किडनीचा किंवा यकृताचा आजार, रक्तातलं कमी झालेलं प्रथिन, पायातल्या खराब झालेल्या शिरा, बराच वेळ पाय लोंबकळत ठेवून बसणं यांनीही सूज येते. रक्तदाबाच्या अ‍ॅम्लोडिपिन या गोळीनंही येते. एकच पाय अचानक सुजून दुखायला लागला तर शिरेत गुठळी झाली असण्याची शंका घेऊन त्याच दिवशी दाखवा.

मला फक्त बीपी आहे, दम वगैरे काही नाही. मी हे कशाला वाचू?

खरं तर हे पान सगळ्यात जास्त तुमच्या कामाचं आहे. २००१ मध्ये अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी या आजाराच्या चार पायऱ्या ठरवल्या, आणि त्यांतल्या पहिल्या पायरीवर हार्ट फेल्युअर अजून नसलेली माणसं ठेवली: रक्तदाब, मधुमेह, लठ्ठपणा, हृदयाच्या नळ्यांचे आजार असलेली, पण हृदय अजून शाबूत असलेली. दुसऱ्या पायरीवर हृदयात बदल झालेला असतो, पण त्रास नसतो. तिसरीवर लक्षणं येतात. चौथी म्हणजे नेहमीच्या उपचारांना दाद न देणारी अवस्था. ही शिडी बहुतेक वेळा एकाच दिशेनं चढली जाते, म्हणून पहिल्या दोन पायऱ्यांवरच रोखण्यात खरा फायदा आहे.

आणि रोखता येतं. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात वयस्कर माणसांचा फक्त वरचा रक्तदाब वाढलेला होता. तो औषधानं खाली आणल्यावर हार्ट फेल्युअरचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. ‘ऐंशीनंतर कशाला बीपीच्या गोळ्या’ असं म्हणणाऱ्यांसाठी २००८ चा अभ्यास आहे. त्यात सगळे जण ८० किंवा त्याहून जास्त वयाचे होते, आणि उपचार घेणाऱ्यांत हार्ट फेल्युअर ६४ टक्क्यांनी कमी झालं. साध्या, जुन्या गोळ्यांनी एवढा फरक पडतो.

बाकीची कारणं थोडक्यात. मधुमेह ताब्यात ठेवा, तंबाखू पूर्ण सोडा. दारू हृदयाच्या स्नायूला थेट विष ठरू शकते, आणि त्या कारणानं हृदय कमकुवत झालेल्या काही जणांत ती सोडल्यावर ते पुष्कळ सावरतंही. जोरात घोरणं, झोपेत श्वास अडकणं याची तपासणी करा. लहानपणी सांधेदुखीसह ताप येऊन गेला असेल, म्हणजे रुमॅटिक फीवर, तर हृदयाच्या झडपा तपासून घ्या. अशा मुलांना वर्षानुवर्षं पेनिसिलिन चालू ठेवतात ते झडपा वाचवण्यासाठीच, मध्येच ते बंद करू नका. डॉक्सोरुबिसिन किंवा ट्रास्टुझुमॅब यांसारखी कॅन्सरची औषधं घेताना हृदयावर लक्ष ठेवावं लागतं. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यात किंवा बाळंतपणानंतरच्या काही महिन्यांत आडवं पडल्यावर दम लागत असेल तर ‘जागरणामुळे असेल’ म्हणून सोडू नका. गरोदरपणाशी निगडित असा हृदयस्नायूचा एक आजार आहे आणि वेळेत कळला तर बऱ्याच जणी त्यातून सावरतात.

निदान कसं होतं?

आधी डॉक्टर मानेतली शीर बघतात, फुप्फुसाचा आवाज ऐकतात, पाय दाबून बघतात. मग ईसीजी आणि छातीचा एक्स-रे. ईसीजी अगदी नॉर्मल असेल तर हार्ट फेल्युअरची शक्यता बरीच कमी होते, संपत मात्र नाही.

रक्तातली एनटी-प्रोबीएनपी ही तपासणी फार उपयोगाची. हृदयाच्या भिंतीवर ताण आला की हा पदार्थ रक्तात वाढतो. सावकाश वाढलेल्या त्रासात आकडा १२५ पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली असेल तर दमाचं कारण बहुधा दुसरीकडे शोधावं लागतं. उलट आकडा वाढलेला आहे म्हणजे हार्ट फेल्युअर पक्कं, असं नाही. वाढतं वय, किडनीचा आजार, अनियमित ठोके यांनीही तो चढतो. लठ्ठ माणसांत तो आजार असूनही कमी दिसू शकतो, आणि हे माहीत नसल्यामुळे काही निदानं निसटतात.

शेवटचा शब्द इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा. कप्पे केवढे, भिंती किती जाड, झडपा गळतात का, पंपिंग किती, हे सगळं त्यात दिसतं. त्यासोबत किडनी, सोडियम, पोटॅशियम, साखर, थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि लोह तपासतात.

इथे मात्र थांबू नका. ‘हार्ट फेल्युअर आहे’ हे अर्धंच निदान झालं. ते कशामुळे झालं, हा प्रश्न डॉक्टरांना आवर्जून विचारा. नळ्यांतले अडथळे, खराब झडप, बिघडलेलं थायरॉइड, सतत वेगानं चालणारे ठोके ही कारणं दुरुस्त होण्यासारखी असतात. त्यासाठी अँजिओग्राफी किंवा हृदयाचा एमआरआय लागू शकतो.

‘पंपिंग ३५ टक्के’ म्हणजे हृदयाचा ३५ टक्केच भाग चालू आहे?

या आकड्यानं फार माणसं विनाकारण खचली आहेत. डावा कप्पा पूर्ण भरल्यावर त्यातलं जेवढं रक्त एका ठोक्यात बाहेर जातं, तेवढी ती टक्केवारी. निरोगी हृदयही कप्पा पूर्ण रिकामा करत नाही. साधारण ५५ ते ७० टक्केच बाहेर टाकतं. म्हणजे ३५ ची तुलना १०० शी करायची नसते, ६० शी करायची असते.

४० किंवा त्याखाली असेल तर पंपिंग कमी झालेलं, ४१ ते ४९ किंचित कमी, ५० आणि वर टिकून राहिलेलं, अशी विभागणी आहे. औषधं ठरतात त्यावरून. पण माप घेणारा हात बदलला, मशीन बदललं तरी आकडा चार-पाच टक्क्यांनी इकडेतिकडे होतो. ३५ चे ३८ झाले म्हणून फार हुरळू नका आणि ४० चे ३७ झाले म्हणून रात्र जागून काढू नका. किती चालता येतं आणि आडवं झोपता येतं का, हेही तितकंच महत्त्वाचं.

पंपिंग नॉर्मल आहे, तरी डॉक्टर हार्ट फेल्युअर म्हणतात. असं कसं?

हृदयाला आकुंचन जेवढं जमावं लागतं तेवढंच सैल होणंही जमावं लागतं. भिंती ताठ झाल्या की कप्पा नीट भरत नाही, भरताना दाब चढतो आणि तो मागे फुप्फुसापर्यंत पोहोचतो. हार्ट फेल्युअरच्या जवळपास निम्म्या रुग्णांचं असंच असतं. वय झालेली माणसं, त्यांतही स्त्रिया जास्त. जोडीला बहुधा रक्तदाब, मधुमेह, वाढलेलं वजन किंवा अनियमित ठोके.

‘इको नॉर्मल आहे, तुम्हाला काही नाही’ असं ऐकून ही माणसं वर्षानुवर्षं परत पाठवली जातात. पूर्वी त्यांच्यासाठी ठोस औषधही नव्हतं. २०२१ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिननं आणि २०२२ मध्ये डापाग्लिफ्लोझिननं या गटातही फायदा होतो हे दाखवलं. २०२४ मध्ये फिनेरेनोनची भर पडली. त्यासोबत रक्तदाब, वजन आणि साचलेलं पाणी यांवर काम करावं लागतं. भिंती जाड आहेत, दोन्ही हातांना मनगटातली नस दबल्यामुळे मुंग्या येऊन गेल्या आहेत आणि वय साठीपुढचं आहे, असं चित्र असेल तर अमायलॉइड या आजाराचा (यात एक प्रथिन हृदयाच्या भिंतीत साचतं) विचार झाला आहे का, हे विचारा. त्याचा उपचार वेगळा असतो.

एवढ्या गोळ्या कशासाठी? एकच चांगली द्या ना!

मघाचं ते चक्र आठवा. ते चार ठिकाणी अडवावं लागतं, म्हणून पंपिंग कमी झालेल्या रुग्णाला चार प्रकारची औषधं देतात. ती एकमेकांची जागा घेत नाहीत.

पहिला प्रकार आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करतो. १९८७ मध्ये एनालाप्रिलनं अतिशय गंभीर रुग्णांमधलं सहा महिन्यांतलं मृत्यूचं प्रमाण ४४ वरून २६ टक्क्यांवर आणलं. २०१४ मध्ये सॅक्युबिट्रिल-वाल्सार्टन ही जोडगोळी त्याहून सरस ठरली. एनालाप्रिलच्या जातीच्या गोळीनं कोरडा खोकला येऊ शकतो. ती थांबवल्यावर ३६ तास गेल्याशिवाय ही जोडगोळी सुरू करायची नसते, नाहीतर चेहरा आणि घसा धोकादायक सुजू शकतो.

दुसरा प्रकार बीटा-ब्लॉकर: बिसोप्रोलॉल, कार्व्हेडिलॉल, मेटोप्रोलॉल सक्सिनेट. थकलेल्या हृदयाचे ठोके आणखी मंद करायचे ही कल्पना एके काळी वेडेपणाची वाटायची. १९७५ मध्ये स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या डॉक्टरांनी मोजक्या रुग्णांवर तो प्रयोग केला, आणि वैद्यकविश्वाला पटायला जवळपास पाव शतक लागलं. १९९९ च्या मोठ्या अभ्यासांत मृत्यू एक तृतीयांशानं कमी झालेले दिसले. ही गोळी सुरू केल्यावर पहिले काही आठवडे थोडं जास्त थकल्यासारखं वाटू शकतं. तेवढा काळ धीर धरावा लागतो, आणि डोस हळूहळूच वाढवतात.

तिसरा प्रकार स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोन. पोटॅशियम वाढू शकतं, म्हणून रक्ततपासणी चुकवायची नाही. स्पायरोनोलॅक्टोननं काही पुरुषांची छाती दुखते, सुजते. लाजून गोळी गुपचूप बंद करू नका. सांगितलंत तर दुसरी मिळते.

चौथा प्रकार मधुमेहाच्या औषधांतून आला: डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन. मधुमेह नसलेल्यांनाही त्यांचा उपयोग होतो, हे २०१९ आणि २०२० च्या अभ्यासांत दिसलं. ‘मला शुगर नाही, मग ही गोळी का दिली?’ याचं उत्तर हे. लघवीतून साखर जात असल्यामुळे त्या जागी बुरशीचा संसर्ग होऊ शकतो, स्वच्छता ठेवा.

फ्युरोसेमाइड किंवा टॉर्सेमाइड ही लघवी वाढवणारी गोळी या चौघांत येत नाही. ती साचलेलं पाणी काढते, आराम लगेच देते, पण चक्र थांबवत नाही. गंमत अशी की रुग्णाला फरक जाणवतो तो हिचा, आणि आयुष्य वाढतं ते बाकीच्या चौघांमुळे.

माझं बीपी १०० च्या आसपास असतं. तरी या गोळ्या घ्यायच्या?

चक्कर येत नसेल, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत नसेल, तर नुसत्या आकड्यासाठी गोळी थांबवत नाहीत. त्रास होत असेल तर वेळा विभागून, नको असलेलं दुसरं एखादं औषध कमी करून मार्ग काढतात. तो निर्णय डॉक्टरांना विचारूनच घ्या.

आता मी ठणठणीत आहे, पंपिंगही ५५ झालं. गोळ्या बंद करू का?

कृपा करून करू नका. नेमक्या याच प्रश्नावर एक छोटा, पण डोळे उघडणारा अभ्यास झाला. हृदयस्नायूचा आजार होऊन पूर्ण सुधारलेले ५१ जण घेतले. अर्ध्यांच्या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीत टप्प्याटप्प्यानं थांबवल्या. सहा महिन्यांत त्यांच्यातल्या ४४ टक्के लोकांचा आजार परतला. गोळ्या चालू ठेवलेल्या गटात त्या काळात एकाचाही परतला नाही. चक्र थांबलेलं असतं ते गोळ्यांनी धरून ठेवलंय म्हणून. काही तात्पुरत्या कारणांनी झालेल्या हार्ट फेल्युअरमध्ये औषधं कमी करता येतात, पण ते तज्ज्ञानं ठरवायचं.

रोज वजन करा म्हणतात. खरंच एवढी गरज आहे?

आहे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. पायावर सूज दिसायच्या आधीच काही लिटर पाणी अंगात जमलेलं असू शकतं, आणि वजनकाटा ते आधी सांगतो. सकाळी उठून, लघवी करून, काही खाण्यापिण्याआधी, साधारण सारख्याच कपड्यांत, त्याच काट्यावर वजन करा आणि लिहून ठेवा. तीन दिवसांत दोन किलोंहून जास्त वाढलं तर ते चरबीचं नसतं. त्याच दिवशी फोन करा. अशा वेळी लघवीची गोळी किती वाढवायची, हे आधीच डॉक्टरांकडून लिहून घेतलेलं असावं.

वजन झपाट्यानं उतरत असेल, तोंड कोरडं पडत असेल, उठताना चक्कर येत असेल, तर गोळी जास्त होत असण्याची शक्यता आहे. तेही कळवा. सावकाश, महिनोन् महिने वजन घटणं, दंड-मांड्या बारीक होणं हेही चांगलं लक्षण नाही.

मीठ आणि पाणी किती?

जागतिक आरोग्य संघटना सर्वांसाठीच दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. म्हणजे एका लहान चमच्याहून कमी, आणि त्यात पाकीटबंद पदार्थ, सॉस, तयार सूप, चीज, खारवलेलं सगळं धरून. वरून घ्यायचं मीठ टेबलावरून उचलून ठेवा. त्याहून कडक, जवळजवळ अळणी आहारानं मृत्यू किंवा हॉस्पिटलच्या फेऱ्या ठळकपणे कमी झाल्याचं २०२२ च्या मोठ्या अभ्यासात दिसलं नाही. त्यामुळे जेवणच नकोसं वाटेल एवढं अळणी करून आधीच भूक मेलेल्या माणसाला उपाशी ठेवू नका. ‘लो सोडियम’ मिठात बहुधा पोटॅशियम असतं. वर सांगितलेल्या गोळ्यांसोबत ते धोक्याचं ठरू शकतं.

पाण्याबाबत सरसकट एकच आकडा देणं मला पटत नाही. तब्येत स्थिर असलेल्या सगळ्यांना दीड लिटरची सक्ती करण्याला भक्कम आधार नाही, तहान लागेल तेवढं प्यावं. अंगात पाणी साचलेलं असेल किंवा रक्तातलं सोडियम उतरलेलं असेल तर मर्यादा लागते, आणि ती डॉक्टर तुमच्यापुरती ठरवतात.

कोणती औषधं टाळायची?

सगळ्यात पहिली दुखण्याची: आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक आणि त्यांची भावंडं. ती किडनीला मीठ-पाणी धरून ठेवायला लावतात आणि गुडघेदुखीसाठी सहज घेतलेल्या चार गोळ्या हॉस्पिटलपर्यंत नेऊ शकतात. दुखलं तर पॅरासिटामॉल चालतं, पण पाण्यात फसफसणाऱ्या गोळीत सोडियम भरपूर असतं, साधी गोळी घ्या. मधुमेहासाठी पायोग्लिटाझोन नको. पंपिंग कमी असेल तर रक्तदाबासाठी किंवा ठोक्यांसाठी दिली जाणारी व्हेरापामिल आणि डिल्टियाझेम नको. स्टेरॉइडनंही पाणी साचतं. औषधाच्या दुकानात काहीही मागताना ‘मला हार्ट फेल्युअर आहे’ हे आधी सांगा.

उलट्या-जुलाब झाले तर?

त्या दिवशी अंगातलं पाणी खरोखरच कमी होत असतं. लघवीची गोळी आणि बाकीची काही औषधं तशीच चालू ठेवली तर किडनीला इजा होते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन खाणंपिणं बंद असताना किंवा ऑपरेशनच्या आधी काही दिवस थांबवावी लागते, विशेषतः मधुमेह असेल तर. काय थांबवायचं आणि पुन्हा कधी सुरू करायचं, याचा कागद बरं असतानाच तयार ठेवा. थांबवलेली गोळी पुन्हा सुरू करायचं विसरणं हीसुद्धा नेहमी होणारी चूक आहे.

विश्रांती घ्यायची की व्यायाम करायचा?

व्यायाम. पूर्वी पूर्ण विश्रांती सांगत. त्यानं स्नायू आणखी बारीक होतात आणि थोड्या श्रमानंही दम लागतो. तब्येत स्थिर झाल्यावर रोज चालावं, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगानं. पाच मिनिटांपासून सुरू करा, दर आठवड्याला थोडं वाढवा. बसून-उठून करायचे, हलकं वजन उचलायचे व्यायामही हवेत. दोन जिने न थांबता चढता येत असतील तर शरीरसंबंधांनाही बहुतेकांना हरकत नसते. छातीतल्या दुखण्यासाठी नायट्रेटच्या गोळ्या घेणाऱ्यांनी लिंगताठरतेसाठीची सिल्डेनाफिलसारखी औषधं मात्र अजिबात घ्यायची नाहीत.

हिमोग्लोबिन ठीक आहे, तरी लोह तपासायला का सांगतात?

कारण हिमोग्लोबिन पडायच्या आधीच लोह संपलेलं असतं, आणि त्या अभावी हृदयाचा आणि पायाचा स्नायू लवकर थकतो. या आजारात फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा सांगणारा रक्तातला आकडा) १०० च्या खाली असलं तरी लोह कमी समजतात, नेहमीच्या निकषांहून हे वेगळं आहे. तोंडानं घेतलेल्या लोहाचा इथे फारसा उपयोग होत नाही, शिरेतून देतात.

लसी घ्याव्यात का?

हो. फ्लूची दरवर्षी, न्यूमोकोकसची, म्हणजे न्यूमोनियाच्या एका जंतूवरची, डॉक्टर सांगतील तशी. छातीचा एक संसर्ग स्थिर रुग्णाला एका आठवड्यात ढासळवू शकतो.

छातीत मशीन बसवायला सांगितलं आहे. त्यानं पंपिंग वाढेल का?

कोणतं मशीन, त्यावर अवलंबून. आयसीडी हे पहारेकरी यंत्र: ठोके जीवघेणे बिघडले तर झटका देऊन पूर्ववत करतं, पंपिंग वाढवत नाही. साधारण तीन महिने योग्य औषधं घेऊनही पंपिंग ३५ किंवा खाली राहिलं तर त्याचा विचार करतात. सीआरटी हे वेगळं. हृदयाच्या दोन बाजू आगेमागे आकुंचन पावत असतील तर ते त्यांचा ताल जुळवतं, आणि योग्य रुग्णात पंपिंगही सुधारतं. ते कुणाला लागू पडेल, हे ईसीजीवरून ठरतं. त्यापुढे यांत्रिक पंप आणि हृदयप्रत्यारोपण. पहिलं मानवी हृदयप्रत्यारोपण १९६७ मध्ये केपटाऊनला झालं. आज ते निवडक रुग्णांसाठी प्रस्थापित उपचार आहे, पण दाते कमी असल्यामुळे वाट पाहावी लागते. म्हणून तब्येत फार ढासळायच्या आधी, वारंवार भरती व्हावं लागू लागताच, प्रत्यारोपण करणाऱ्या केंद्रात नाव पोहोचायला हवं.

किती वर्षं जगता येतं?

प्रश्न अवघड आहे, पण टाळण्यासारखा नाही. जुन्या आकड्यांनुसार निदानानंतर पाच वर्षांनी साधारण निम्मे रुग्ण हयात असतात. त्यांतल्या अनेकांना आजची चारही औषधं पूर्ण मात्रेत मिळालेली नव्हती. कुणाला वीस वर्षं मिळतात, कुणाला दोन. कारण काय, किडनी कशी आहे, औषधं किती सोसतात यावर ते ठरतं.

पुढे काय हवं आणि काय नको, हे रुग्णाला बोलता येत असतानाच विचारा. पॅलिएटिव्ह केअर म्हणजे उपचार सोडून देणं नाही. दम, वेदना, झोप, भीती यांच्यावरचा तो उपचार आहे आणि तो बाकीच्या औषधांच्या जोडीनं चालतो. उदासी या आजारात फार आढळते. ‘गप्प गप्प असतात हल्ली’ हेही डॉक्टरांना सांगण्यासारखं लक्षण आहे. आणि सांभाळणाऱ्या माणसालाही रात्रभर सलग झोप मिळाली पाहिजे. त्यासाठी घरात पाळ्या लावा.

लगेच हॉस्पिटल कधी गाठायचं?

बसल्या जागी दम लागला, आडवं होताच येईना, गुलाबी फेसाळ थुंकी आली, छातीत दुखायला लागलं, शुद्ध हरपली, ओठ निळे पडले, ठोके धडधडत चक्कर आली, तर रुग्णवाहिका बोलवा. रुग्णाला बसतं ठेवा, पाय खाली सोडा. स्वतः गाडी चालवत जाऊ नका.

डिस्चार्ज मिळाला. पुढच्या तपासणीला एक-दोन महिन्यांनी गेलं तर चालेल?

नाही. घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यात नाजूक असतात. २०२२ च्या एका अभ्यासात रुग्णांना लवकर लवकर बोलावून, रक्त तपासत, दोन आठवड्यांत औषधं पूर्ण मात्रेवर नेली. सहा महिन्यांत मृत्यू किंवा पुन्हा भरती होण्याचं प्रमाण १५ टक्के राहिलं, नेहमीच्या पद्धतीनं ते २३ टक्के होतं. तेव्हा पहिली भेट आठवडाभरातच ठरवा. जाताना वजनाची आणि बीपीची वही, जुने-नवे इको, शेवटचा किडनी-पोटॅशियमचा रिपोर्ट आणि घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घेऊन जा, चुकलेल्या गोळ्याही न लपवता.